हरीण एक, रांगेत हजार

म्हाडाची सोडत, तात्काळचं तिकीट आणि ग्रीन कार्डाची रांग, ही तिन्ही दु:खं एकाच कागदावर बघायची असतील तर अमेरिकेतल्या हरणांच्या शिकाऱ्याला भेटा. सीझन ऑक्टोबरात, टेन्शन मात्र एप्रिलपासून!

सरकारी कागदाची वाट बघत बसणं हा फक्त आपलाच राष्ट्रीय खेळ आहे, असं आपण उगाच धरून चालतो. तात्काळचं पान उघडून दहाच्या ठोक्याला बोट माऊसवर ठेवून बसायचं आणि दहा वाजून एक मिनिटांनी वेटिंग लिस्ट बघून चडफडायचं, हे आपल्याला पाठ आहे. म्हाडाच्या यादीत आपलं सोडून आपल्याच नावाच्या दुसऱ्या कुणाचं तरी नाव शोधणंही पाठ आहे. पण अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत, कोलोरॅडो, वायोमिंग, युटा, नेवाडा, ॲरिझोना अशा ठिकाणी, लाखो माणसं दरवर्षी असाच फॉर्म भरतात. घरासाठी नव्हे, तिकिटासाठी नव्हे. एक हरीण मारायची परवानगी मिळावी म्हणून!

हो, शिकारच. नाक मुरडायच्या आधी जरा थांबा. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषय संपला. हरीण म्हटलं की आपल्याला अभयारण्यातली जीप आठवते, नाहीतर काळवीट आणि कोर्ट. तिकडे मात्र सरकारी दप्तरातला, नियमांनी करकचून बांधलेला हा एक वार्षिक उद्योग आहे. पेन्सिल्व्हेनियात थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी कित्येक शाळांना चक्क सुट्टी असते, कारण वर्षानुवर्षं तो हरणांच्या सीझनचा पहिला दिवस होता. विस्कॉन्सिनमध्ये नोव्हेंबरातल्या नऊ दिवसांच्या बंदुकीच्या सीझनला पाच लाखांहून जास्त माणसं रानात उतरतात. ऑनसाइट गेलेल्या मंडळींना हे ठाऊक असेल. नोव्हेंबर आला की टीममधला एखादा शांत, डबा आणणारा सहकारी अचानक पाच दिवसांची रजा टाकतो आणि परत येतो तो फ्रीजर भरून.

हरीण नक्की कुणाचं?

सगळ्या भानगडीचं मूळ या प्रश्नात आहे. युरोपात जुन्या काळी रान ज्या सरदाराचं, हरीण त्याचं. अमेरिकेने ते मानलं नाही. तिथे रानातलं हरीण जमीनमालकाचं नसतं, ते सगळ्या जनतेचं, आणि राज्य सरकार त्याचं विश्वस्त. ऐकायला छान वाटतं. पण एकोणिसाव्या शतकात 'सगळ्यांचं' म्हणजे 'कुणाचंच नाही' असा अर्थ झाला आणि बाजारात मांस-कातडी विकायला लोकांनी हरणं अशी मारली की १९०० सालाच्या आसपास देशभरात व्हाइटटेल जातीची जेमतेम काही लाख उरली. मग कायदे आले, बाजार बंद झाला (रानातल्या हरणाचं मांस आजही तिथे विकता येत नाही), सीझन ठरले, परवाने आले. १९३७च्या कायद्याने रायफली आणि काडतुसांवरचा ११ टक्के केंद्रीय कर थेट राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला. आज व्हाइटटेलची संख्या तीन कोटींच्या घरात आहे. म्हणजे परवाना हा शिकाऱ्याच्या वाटेतला धोंडा वाटत असला, तरी त्या धोंड्यामुळेच हरीण टिकलं. हे शिकारीही मान्य करतात. त्यांची तक्रार वेगळीच आहे.

तक्रार आहे पश्चिमेतली. तिथलं हरीण म्हणजे म्यूल डिअर, खेचरासारख्या लांब कानांचं आणि घाबरलं की चारही पाय एकदम उचलून चेंडूसारखं टप्पे घेत पळणारं. हे व्हाइटटेलसारखं घरामागच्या बागेत येऊन गुलाब खात नाही. त्याला उन्हाळ्यात उंच डोंगर लागतात, हिवाळ्यात खालची झुडपी माळरानं, आणि दोहोंमधला मोकळा रस्ता. त्या रस्त्यात आता हायवे, गॅसच्या विहिरी, कुंपणं आणि फार्महाऊसं आली आहेत. हरणं घटली, हौशी वाढले. युटाने १९९४ साली नराच्या परवान्यांवर ९७ हजारांची मर्यादा घातली. कोलोरॅडोत १९९९पासून हरणाचा प्रत्येक परवाना सोडतीतूनच मिळतो. दुकानात गेलो, पैसे टाकले आणि परवाना घेतला, हे दिवस गेले.

या परवान्याला सगळे 'टॅग' म्हणतात, कारण तो मारलेल्या जनावराला खरोखरच बांधायचा असतो. आणि टॅग म्हणजे नुसतं 'एक हरीण' असा मोघम मामला नाही. कोलोरॅडोत अर्जावर एक कोड टाकावा लागतो, आपल्या पीएनआरसारखा. डीएम०४४ओ३आर. डी म्हणजे डिअर, एम म्हणजे नर, ४४ हा डोंगराचा सरकारी तुकडा म्हणजे युनिट, ओ३ म्हणजे तिसरा सीझन आणि आर म्हणजे रायफल. एवढंच! शेजारच्या ४५ नंबरात हरीण दिसलं, तर हात जोडून घरी यायचं. धनुष्यबाण सप्टेंबरात, रायफल ऑक्टोबर-नोव्हेंबरात. जितका उशिराचा सीझन तितकं हरीण सोपं, कारण नोव्हेंबरात माजावर आलेले मोठे नर सावधपणा सोडून माद्यांमागे उघड्यावर फिरतात. म्हणून त्या टॅगवर सगळ्यांचा डोळा, आणि म्हणूनच ते टॅग मोजके.

पॉइण्टांची महागाई

नंबर लागला नाही तर काय? तर एक 'प्रेफरन्स पॉइण्ट' मिळतो. पुढच्या वर्षी ज्याच्याकडे जास्त पॉइण्ट, त्याला आधी टॅग. कल्पना किती न्याय्य वाटते! थांबलेल्याला फळ मिळणार. ज्याने कुणी ही कल्पना पहिल्यांदा मांडली असेल, त्याच्या हेतूबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. गणिताबद्दल मात्र आहे.

समजा, एखाद्या झकास युनिटमध्ये दरवर्षी ५० टॅग निघतात. रांगेत आधीच २,००० जण आहेत. दरवर्षी ५० जण टॅग घेऊन रांगेबाहेर पडतात आणि २०० नवे येतात. आज उभा राहणाऱ्यापुढे २,००० माणसं, म्हणजे ४० वर्षं. पुढच्या वर्षी येणाऱ्यापुढे २,१५०, म्हणजे ४३ वर्षं. काही कंटाळून जातील, काही देवाघरी जातील हे धरलं, तरी रांग पुढे सरकायच्या ऐवजी मागे लांबत जाते. तुम्ही दरवर्षी एक पॉइण्ट कमावता आणि टॅगचा भावही जवळजवळ एका पॉइण्टने चढतो. शिकारी याला 'पॉइण्ट क्रीप' म्हणतात. आपण त्याला इन्क्रिमेण्ट आणि घरभाडं म्हणू. दोन्ही वाढतात, हातात काही पडत नाही.

आता डेन्व्हरमध्ये पंचविशीतला एखादा अकाउण्टण्ट डोळ्यांपुढे आणा. घरात कुणी शिकारी नाही. मित्राबरोबर एकदा डोंगरात गेला आणि वेड लागलं. आज अर्ज केला, तर ज्या युनिटचे फोटो बघून तो रात्री झोपत नाही, तिथे नंबर लागेपर्यंत त्याचे गुडघे रिटायर झालेले असतील. त्याच वेळी त्याच्या साठीतल्या बॉसकडे २० पॉइण्ट साठलेत आणि ते कुठे खर्च करावेत या विचारात बॉस दरवर्षी आणखी एक साठवतोय. रांगेचं वचन दोघांना एकच दिलं होतं. पाळलं जाईल ते एकाच्याच बाबतीत. मला या सगळ्या प्रकरणात खुपते ती हीच गोष्ट. नाही म्हणणं परवडलं. 'थांबा, तुमची पाळी येणार आहे' असं सांगून दरवर्षी फी घेत राहणं, हे जास्त वाईट. आणि फी घेतातच. वायोमिंगमध्ये बाहेरच्या राज्यातल्या माणसाला हरणाचा नुसता एक पॉइण्ट विकत घ्यायला ४१ डॉलर पडतात. टॅग नाही, रायफल नाही, हरीण नाही. एक आकडा, बस.

त्यात २०१८ साली कोलोरॅडोने एक भलतंच सोपं काम केलं. तोवर अर्जाबरोबरच टॅगची सगळी फी भरावी लागायची आणि नंबर लागला नाही की परत मिळायची. ही अट काढून टाकली. साहजिकच! क्रेडिट कार्डावर हजारो डॉलर अडकवायची गरज संपली आणि अर्जांचा पूर आला. त्यावर मोबाइलवरचे नकाशे, शिकारीचे व्हिडिओ, आणि चार पैसे घेऊन दहा राज्यांत तुमच्या वतीने अर्ज भरून देणाऱ्या कंपन्या. पूर्वी दूरच्या राज्यातल्या माणसाला ४४ नंबरचं युनिट कुठल्या दिशेला आहे, हेही माहीत नसायचं. आता त्याला तिथला प्रत्येक ओढा पाठ असतो.

राज्यं तितक्या तऱ्हा

प्रत्येक राज्याने आपापली पद्धत काढलीय आणि त्या सगळ्या पाठ असणं हाच एक छंद होऊन बसलाय. न्यू मेक्सिकोत पॉइण्ट नाहीत, शुद्ध सोडत, म्हाडासारखी. पहिल्यांदा अर्ज करणारा आणि विसाव्यांदा करणारा, दोघांची चिठ्ठी सारखीच. पण तिथल्या सरकारी सोडतीतले ८४ टक्के टॅग स्थानिकांना, १० टक्के गाइड घेणाऱ्यांना आणि बाहेरच्या एकट्या माणसासाठी उरतात ६ टक्के. नेवाडात पॉइण्टांचा वर्ग करून त्यात एक मिळवतात. १० पॉइण्ट असले तर १०१ चिठ्ठ्या, शून्य असला तर एक. म्हणजे जुन्याला मान आहे, पण नव्याचा पत्ता अगदीच कट नाही. युटात खास युनिटचे अर्धे टॅग जास्त पॉइण्टवाल्यांना, अर्धे सोडतीत. वायोमिंगमध्ये बाहेरच्यांसाठी पाऊण हिस्सा रांगेला, पाव हिस्सा नशिबाला.

अलीकडे कोलोरॅडोतही हा वाद पेटलाय की रांग मोडून अर्धे टॅग सोडतीत टाकावेत का? इथे मग शिकाऱ्यांच्या दोन पिढ्या समोरासमोर उभ्या राहतात. वीस वर्षं थांबलेला म्हणतो, माझ्याच वेळी नियम का बदलता? पंचविशीतला म्हणतो, माझ्या वेळी तर काहीच उरणार नाहीये. दोघंही बरोबर आहेत, हीच खरी पंचाईत. तरी माझं मत विचाराल तर निदान काही चिठ्ठ्या सोडतीतच असाव्यात. पाव टक्का आशाही माणसाला डोंगर चढायला लावते. चाळीस वर्षांची खात्री नाही लावत.

पूर्वेकडे वेगळीच गंमत. पेन्सिल्व्हेनियात मादीच्या टॅगसाठी कित्येक वर्षं गुलाबी पाकीट असायचं. खरोखरचं, कागदाचं. त्यात फॉर्म आणि चेक घालून, पत्ते नीट लिहून, ठरलेल्या दिवशी पोचेल अशा बेताने काउण्टीच्या खजिनदाराकडे टपालाने पाठवायचं. पोस्टात कुठल्या दिवशी टाकलं तर बरोबर सोमवारी पोचतं यावर घराघरांत थिअऱ्या होत्या. लोक या पाकिटाला इतकी वर्षं शिव्या घालत होते की २०२३ साली ते बंद होऊन विक्री ऑनलाइन आणि दुकानांतून सुरू झाली, तेव्हा सुटलो असं वाटायला हवं होतं. २६ जूनला विक्री उघडली आणि पहिल्याच दिवशी ऑनलाइन रांग तासन्तास हलेना, दुकानांबाहेरही रांगा. आपल्याला यात नवीन काय? पण तिकडे गुलाबी पाकिटाच्या आठवणीने गळे काढणारे लोक एका दिवसात तयार झाले.

आणि श्रीमंतांची खिडकी? ती असतेच. वायोमिंगमध्ये बाहेरच्या माणसासाठी हरणाचा साधा टॅग ३७४ डॉलरचा, पण २०२४पासून १,२०० डॉलरचा 'स्पेशल' टॅगही आहे. हरीण तेच, डोंगर तोच. फक्त त्या रांगेत गर्दी कमी. कोलोरॅडोत मोठ्या जमिनींच्या मालकांना टॅगचा काही हिस्सा व्हाउचर म्हणून मिळतो आणि तो पैसे मोजणाऱ्याच्या हाती जातो. सगळ्यात वर लिलाव. युटात ग्रेट सॉल्ट लेकमधल्या अँटिलोप आयलंडवर मोठाल्या शिंगांचे नर आहेत आणि तिथल्या मोजक्या टॅगपैकी एक लिलावात जातो, लाखो डॉलरला. हा पैसा हरणांच्याच कामी लावला जातो, हे खरं. पण 'हरीण सगळ्यांचं' हे वाक्य त्या लिलावाच्या हॉलमध्ये जरा अवघडल्यासारखं बसलेलं असणार.

टॅगचा पत्ता नाही, तयारी फुल्ल

कोलोरॅडोत अर्जाची डेडलाइन एप्रिलचा पहिला मंगळवार, रात्री आठ. निकाल मेअखेरीच्या सुमारास. पण खरा शिकारी निकालाची वाट बघत बसत नाही, कारण तयारी जूनपासून सुरू केली तर ऑक्टोबर पुरत नाही. आपला डेन्व्हरवाला अकाउण्टण्ट काय काय करतो बघा.

पहिलं काम पायांचं. म्यूल डिअरची शिकार नऊ-दहा हजार फुटांवर होते. (आपलं कळसूबाई साडेपाच हजारांच्या आत येतं, यावरून अंदाज घ्या.) बंदूक चालवणं हा सगळ्या आठवड्यातला काही सेकंदांचा भाग. बाकी चढ, उतार आणि धाप. म्हणून हा गडी ऑफिसच्या बिल्डिंगचे जिने पाठीवर वाळूची पिशवी घेऊन चढतो. लिफ्टवाल्या सहकाऱ्यांना वाटतं डाएट चालू आहे. वजन का? तर एका मोठ्या नराचं हाडांशिवायचं मांस सहज तीस किलोच्या आसपास भरतं आणि ते गाडीपर्यंत पाठीवरूनच आणायचं असतं. मांस तिथेच टाकून शिंगं तेवढी घेऊन आलात, तर तो गुन्हा आहे. नवे बूट जूनमध्येच घालून मळवायचे, नाहीतर दुसऱ्या दिवशी पायाला फोड आणि शिकारीची वाट लागलेली.

दुसरं काम डोळ्यांचं. उन्हाळ्यातले वीकएण्ड दुर्बीण आणि तिचा तिपाई स्टॅण्ड घेऊन डोंगरात. पहाटे उजाडायच्या आत समोरच्या उतारावर नजर लावून बसायचं आणि इंच इंच चाळायचं. पूर्ण हरीण शोधायचं नसतं, ते दिसत नाही. कानाची हालचाल, शेपटीजवळचा पांढरा पट्टा, झुडपात एकच आडवी रेघ, असं काहीतरी शोधायचं. नरांची शिंगं उन्हाळाभर मखमली सालीत वाढत असतात. सप्टेंबरच्या सुमाराला ती साल गळते आणि जनावर एका रात्रीत वेगळंच वागायला लागतं. जुलैत जिथे रोज चरताना बघितलं, तिथे ऑक्टोबरात ते सापडेलच असं नाही. बर्फ पडला की ते शेकडो फूट खाली उतरतं. म्हणून एक जागा नव्हे, तीन-चार जागा डोक्यात हव्यात.

तिसरं काम नाकाचं, आपल्या नव्हे, हरणाच्या. वारा कुठून कुठे वाहतोय हे कळल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. खिशात पावडरीची छोटी बाटली असते, दाबली की धुराळा उडतो आणि वाऱ्याची दिशा कळते. सकाळी डोंगरावरची हवा थंड म्हणून खाली वाहते, ऊन चढलं की वर. आपला वास तिच्यावर बसून हरणापर्यंत आधी पोचतो. कपड्यांची गंमत तर आणखी वेगळी. कोलोरॅडोत रायफलच्या सीझनला अंगावर ५०० चौरस इंच झळझळीत नारिंगी रंग आणि डोक्यावर तसलीच टोपी सक्तीची. २०१६पासून गुलाबीही चालतो. म्हणजे मैलावरून माणूस दिसतो, पण हरणाला नाही, कारण त्याला लाल-नारिंगी रंग फिकट मातकट दिसतात. निळा मात्र लख्ख दिसतो! त्यामुळे जीन्स घालून गेलात तर झालंच. आणि कपडे 'जादा उजळ' करणारी धुण्याची पावडरही बाद.

मग रायफल. ऑगस्टमध्ये रेंजवर जाऊन दुर्बिणीचा नेम शंभर-दोनशे यार्डांवर जुळवायचा. टेबलावर रेलून नेम धरणं कुणालाही जमतं. डोंगरात टेबल नसतं, म्हणून बसून, गुडघ्यावर, धाप लागलेली असताना सराव. १९४९पासून पुढे जन्मलेल्या प्रत्येकाला कोलोरॅडोत हंटर एज्युकेशनचं कार्ड लागतं. त्या वर्गातही सगळ्यात जास्त शिकवतात ते केव्हा गोळी झाडायची नाही हे. जखमी हरीण हरवणं ही या लोकांत शरमेची गोष्ट समजली जाते.

शेवटी स्वयंपाकघर. चाकू, मांस भरायच्या जाळीदार कापडी पिशव्या, बर्फाच्या पेट्या. ऊन असलं तर तासाभरातच मांस थंड करायची घाई सुरू होते. वर एक नवी कटकट. १९६७ साली कोलोरॅडोतच पहिल्यांदा दिसलेला क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदूचा रोग आता देशभर पसरलाय. माणसाला तो झाल्याचं एकही सिद्ध प्रकरण नाही, तरी रोगी जनावराचं मांस खाऊ नका असा सरकारी सल्ला आहे. म्हणून काही युनिटमध्ये हरणाचं डोकं तपासणीला देणं सक्तीचं असतं आणि रिपोर्ट येईपर्यंत फ्रीजरमधल्या पाकिटांवर नुसती तारीख.

एवढं सगळं करून मे महिन्यात ईमेल आलेला असतो, 'अनसक्सेसफुल'. एका शब्दात. तरी जिने चालूच!

टॅग छापणारा खरा मालक

शिकारी खात्याला शिव्या घालतात, खातं कमिशनकडे बोट दाखवतं. पण टॅग किती निघणार हे शेवटी ठरवतो बर्फ. २०२२-२३चा हिवाळा पश्चिम वायोमिंगमध्ये भयानक गेला. वायोमिंग रेंजमधल्या कळपात रेडिओ कॉलर लावलेली जवळजवळ सगळी पाडसं त्या एका हिवाळ्यात मेली आणि प्रौढ माद्यांपैकीही बहुतेक. बर्फाखालचं खाणं हाती लागलं नाही, चरबी संपली, बसली ती उठलीच नाहीत. पुढच्या सीझनचे टॅग कापले गेले. ज्यांची पाळी दहा-बारा वर्षांनी येणार होती, ती आणखी लांबली.

आणि ही हरणं काय चालतात! याच राज्यातली २५५ नंबरची मादी हिवाळी माळरानातून निघून २४२ मैल चालत आयडाहोत पोचली, हे कॉलरमुळे कळलं. तिच्या वाटेतली कुंपणं, रस्ते, तारा मोजल्या तर टॅग कमी का झाले या प्रश्नाचं बरंचसं उत्तर मिळतं. अर्जदारांच्या रांगेवर जेवढी चर्चा होते त्याच्या चौथाई जरी या वाटांवर झाली, तरी बॉस आणि अकाउण्टण्ट दोघांचं भलं होईल.

मग करतात काय?

शहाणे शिकारी स्वप्न आणि सीझन वेगवेगळे ठेवतात. कोलोरॅडोच्या अर्जात चार पसंती देता येतात, आणि पॉइण्ट खर्च होतात ते फक्त पहिल्या पसंतीवर. म्हणून पहिल्या ओळीत 'नुसता पॉइण्ट द्या' असा कोड टाकायचा आणि दुसऱ्या ओळीत कमी मागणीचं युनिट. पॉइण्ट शाबूत, टॅगही हातात! तिथे भिंतीवर लावायची शिंगं मिळतील असं नाही, पण डोंगर आहे, पहाट आहे. मादीचा टॅग तर आणखी सोपा, आणि मांस जास्त चांगलं, असं खाणारे सांगतात. शिंगांचं वेड नसलेल्याला रांग बरीच छोटी होते, हे या सगळ्या खेळातलं कमी बोललं जाणारं गुपित आहे.

काही जण सरळ टेक्ससला जातात. आणि तिथे त्यांना कोण भेटतं? आपला चितळ! १९३२ साली टेक्ससमध्ये आणलेला हा आपला ठिपकेवाला गडी आता तिथल्या रॅन्चवर मोकाट वाढलाय. कायद्याने तो परदेशी जनावर, त्यामुळे त्याला ना सीझन, ना सोडत. शिकारीचं साधं लायसन्स आणि जमीनमालकाची परवानगी असली की झालं. मालक अर्थात पैसे घेतो. ताडोब्यात ज्याला बघून जीपमधली पोरं ओरडतात, तो तिकडे बाराही महिने मेन्यूवर आहे. काळवीटही आहे. ते वाचून पोटात थोडं कालवलं, हे लपवत नाही.

तिकडे असलेल्या आपल्या मंडळींसाठी एक बारीकशी पण महत्त्वाची गोष्ट. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यांना अमेरिकेत बंदूक जवळ बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे आणि त्याला जे मोजके अपवाद आहेत, त्यात एक म्हणजे वैध शिकार लायसन्स. मित्राची रायफल 'जरा बघू' म्हणून हातात घेण्याआधी हे डोक्यात असू द्या, आणि आधी वकिलाला विचारा. व्हिसाची लॉटरी एकदा लागलीय, ती हरणापायी घालवू नका.

आणि ज्यांना काहीच लागलं नाही, त्यांच्यासाठी तात्काळ आहे. जूनअखेरीला दुसरी सोडत, ऑगस्टात उरलेल्या टॅगांची विक्री, आणि मग लोकांनी परत केलेले टॅग आठवड्यातून एकदा, बुधवारी सकाळी अकराला. कुणाचं लग्न निघतं, कुणाचा पाय मोडतो, कुणाला बॉस रजा देत नाही, आणि वर्षानुवर्षांच्या रांगेतला एखादा टॅग अचानक सगळ्यांपुढे येऊन पडतो. आपला अकाउण्टण्ट बुधवारी अकराला कुठलीच मीटिंग ठेवत नाही. पान उघडं, कोड कॉपी केलेला, कार्डाचा नंबर पाठ. गेल्या वर्षी परत आलेल्या टॅगांत ४४ नंबर दोनदा दिसला होता, दोन्ही वेळा तीन सेकंदांत गेला. या वर्षी त्याने इण्टरनेटचं कनेक्शन बदललंय.